अक्षरांची अनावश्यक पुनरावृत्ती

४ फेब्रुवारी

चि. ठकू,

आशीर्वाद आहेतच, पण आज आधी भांडण.

तुमच्या कंपनीच्या यंत्राने मला माझ्याच खोलीतून हाकलून दिलं आहे. माझ्याच म्हणजे माझ्याच. गप्पांच्या त्या जाळ्यावर ‘अडखळ’ ही खोली मी उघडली तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस. कोणी बागकामाची खोली उघडली होती, कोणी बुद्धिबळाची. मी बोलताना अडखळणाऱ्या लोकांची उघडली. हे तुला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते, म्हणजे नंतर "मला कल्पना नव्हती" म्हणायला जागा उरायची नाही.

पूर्वी तिथे तीन साधे बॉट होते. आपलं काम बरं की आपण बरे, अशा स्वभावाचे. एक नावं सांभाळायचा. मी ‘कवळी’ हे नाव घेतलं की दुसरं कोणी कवळी म्हणून घुसू शकत नसे. (दुसऱ्यांचे दात बनवून पोट भरणाऱ्या बाईने दुसरं कोणतं नाव घ्यायचं?) दुसरा खोल्यांच्या किल्ल्या सांभाळायचा. तिसरा कोणी धुडगूस घातला तर खोलीच्या मालकाला विचारून त्याला बाहेर काढायचा. विचारून, हे लक्षात ठेव. तुमच्या कंपनीने सगळा कारभार विकत घेतला आणि तिघांच्या जागी एकच ‘सोबती’ बसवला. सोबती कसला, जावई आहे. आल्यापासून घर त्याचंच.

आता ऐक. एरवी आम्ही सगळे सरळ लिहितो. लिहिताना कोण अडखळतं? पण गुरुवारी संध्याकाळी आमचा मोकळा तास असतो. त्या तासात जसं बोलतो तसंच लिहायचं. जीभ जिथे अडते तिथे अक्षर अडू द्यायचं. आमचा बसवाला, म्हणजे तो खरोखरच बस चालवतो, ‘ब’वर अडतो. तो ब ब ब ब लिहीत राहतो आणि बाकीचे थांबतात. कोणी त्याचा शब्द पुरा करत नाही. एवढाच आमचा नियम. बाहेरच्या जगात आमचे शब्द पुरे करणारे पुष्कळ आहेत.

तीन-चार महिन्यांपूर्वी एक नवी पोरगी आली. ‘गोगलगाय’ असं नाव स्वतःच घेतलेलं. नर्स आहे, नुकतीच नोकरीला लागलेली. पाळी बदलताना वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटची माहिती पुढच्या पाळीला मोठ्याने वाचून दाखवावी लागते. हिने लिहिलेला कागद दुसरीच कोणी वाचते आणि ही शेजारी खांबासारखी उभी. हे एवढं सांगून ती जी गप्प झाली ती नुसती वाचत बसायची. आम्हीही टोचलं नाही. गेल्या गुरुवारी मात्र मोकळ्या तासात तिने पहिल्यांदा लिहायला घेतलं. "मी म म म म म" एवढं आलं आणि गेली. खोलीत पाटी लागली:

"‘अडखळ’ या खोलीने गोगलगाय यांना बाहेर काढले आहे. कारण: अक्षरांची अनावश्यक पुनरावृत्ती."

ठकू, ती पाटी पुन्हा वाच. सोबतीने काढलं असं म्हटलेलं नाही. खोलीने काढलं म्हटलंय. म्हणजे आम्ही. तिच्या स्क्रीनवरही हेच उमटलं असणार. जगात जी एकच जागा तिला अडखळू देते असं तिला वाटलं, त्या जागेने तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत तिला दाराबाहेर लोटलं.

मी सोबतीला सांगितलं, तिला आत घे. त्याने मानलं नाही. मी पुन्हा सांगितलं, चारदा सांगितलं, तर माझंही तेच केलं, आणि वर किल्ली काढून घेतली. आता त्या पोरीचा पत्ता माझ्याजवळ नाही, खरं नाव नाही, काही नाही.

तू तिथेच काम करतेस. काहीतरी कर. हे फोनवर सांगायला बसले असते तर आपण दोघी उन्हाळ्यापर्यंत ‘हॅलो’वरच असतो, म्हणून पत्र. आपल्या घराण्यात पत्रांची आवड का आहे ते आपल्याला पक्कं माहीत आहे.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

भांडण पोचलं. आशीर्वाद पाकिटाच्या तळाशी असतील असं धरून चालते.

झालं ते वाईट झालं. पण तू समजतेस तसा सोबती दुष्ट नाही, त्याला राग-लोभ नाहीत. हजारो खोल्या आहेत, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवायला माणसं ठेवणं कुणालाच परवडणार नाही. मध्यंतरी काही टोळकी खोल्यांत शिरून एकच अक्षर पानंच्या पानं टाकायची. बाकीच्यांचं बोलणं त्याखाली गाडलं जायचं. बागकामाच्या खोलीतल्या म्हाताऱ्या मंडळींनी तर येणंच सोडलं होतं. म्हणून जानेवारीच्या शेवटी आमच्या टीमने नियम केला की एकच अक्षर सलग अमुक वेळा आलं की सोबती त्या माणसाला बाहेर काढतो. नियमाला कोण अडखळतं आणि कोण धुडगूस घालतं हे कळत नाही. ‘खोलीने बाहेर काढले’ ही शब्दरचना कायदा विभागाची आहे. कंपनीवर काही येऊ नये म्हणून.

आता चांगली बातमी. मी आमच्या मॅनेजर बाईंशी बोलले आणि तुझं नाव आणि खोलीची किल्ली दोन्ही परत मिळवली. हे पत्र मिळेल तोवर तुला आत जाता येईल. फक्त तो गुरुवारचा तास बंद ठेवायचा, एवढीच अट आहे. तसंही तुम्ही सगळे एरवी सरळ लिहिताच. मग एका तासासाठी एवढं कशाला?

नर्सबाईंची माहिती मला देता येणार नाही. कोणाचीच देता येत नाही. तो नियम मात्र चांगला आहे, हे तूही मानशील.

आणि एक विनंती. इथे तक्रार केलीस तर माझं नाव घेऊ नकोस. नातं आहे हे कोणाला माहीत नाही.

ठकू


१६ फेब्रुवारी

ठकू,

किल्ली तुझी तुला ठेव. मी मागितली नव्हती. मी त्या पोरीसाठी लिहिलं होतं आणि तू माझी समजूत काढायला बसलीस, जसं काही माझी खेळणी कोणी पळवली.

आत जाऊन आले. तुझ्या अटीवर नाही, निरोप द्यायला. बसवाला होता, मास्तर होते. मास्तर शाळेत भूगोल शिकवतात आणि ‘क’वर अडतात. दोघांना तुझ्या पत्रातली अट उतरवून दाखवली. नातं सांगितलं नाही, घाबरू नकोस. बसवाला म्हणाला, सरळ लिहायला सांगतात म्हणजे तोंड धुऊन या म्हणतात. मग मास्तर पुढे सरसावले. त्यांनी सरळ मोकळा तास सुरू केला, मंगळवार असून. सोबतीने त्यांना काढलं. मग बसवाल्याने सुरू केला. त्यालाही काढलं. मग मी. अशी तुझी अट आम्ही रांगेने पाळली.

आता थोडं तुझ्याबद्दल. तुला ‘प’ अडायचा. लहानपणी तू कधी पाणी मागितलं नाहीस. "तहान लागली" म्हणायचीस. पपई आवडायची, पण फळवाल्याकडे नुसतं बोट दाखवायचीस. सगळे म्हणायचे, किती शहाणी पोर, हट्ट म्हणून नाही. मला कळत होतं, कारण मीही तेच करत मोठी झाले. पुढे मी ते सोडून दिलं. तू सोडलं नाहीस, तू त्यात पारंगत झालीस. बोलता बोलता शब्द बदलतेस आणि समोरच्याला पत्ता लागत नाही. मी कधी काही बोलले नाही, ज्याची त्याची वाट. पण स्वतः लपून राहायचं ते राहायचं, वर दुसऱ्यांनाही लपा म्हणायचं, हे मला सोसणार नाही.

लिहून तर तुम्ही ऐकत नाही. तक्रारीचा अर्ज भरला की सोबतीच उत्तर देतो, "आपली भावना आम्ही समजतो." तेव्हा आम्ही ठरवलं आहे की आता बोलायचं. तुमच्या मदत विभागाचा फोन नंबर आहे. आम्ही फोन करणार. आम्ही सगळे. जुन्या मंडळींचे पत्ते माझ्या वहीत आहेत.

हसू नकोस. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात आपणहून फोन लावलेला नाही. मास्तरांनी लग्नाची बोलणीसुद्धा पोस्टकार्डावर केली.

आत्या


२१ फेब्रुवारी

आत्या,

कृपा करून हे करू नकोस.

त्या फोनवर माणूस नसतो. आधी यंत्र असतं. ते म्हणतं, "आपली अडचण थोडक्यात सांगा," आणि ऐकत थांबतं. दोन-तीन सेकंदांत आवाज आला नाही तर पलीकडे कोणी नाही असं समजून फोन ठेवतं. तुम्ही पहिल्या अक्षरापाशी अडाल आणि ते धन्यवाद म्हणून मोकळं होईल. पुन्हा लावाल, पुन्हा तेच. मास्तरांसारखा माणूस त्यानंतर परत फोनला हात लावेल का? तुझ्या हट्टापायी त्यांना यात ढकलू नकोस.

आणि तो नियम टीमने नाही, मी लिहिला. आता तुला खरं सांगून टाकते. चांगला नियम आहे, त्यासाठी मला शाबासकी मिळाली, आणि मला तिची लाज वाटत नाही. बागकामाच्या खोलीतली म्हातारी माणसं परत आली ती त्याच्यामुळे. तुमच्या खोलीसारखी खोली हजारात एक. तिच्यासाठी बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं का?

माझ्याबद्दल लिहिलंस ते लिहायला नको होतं. इतक्या वर्षांत मी इथे एकदाही अडखळलेले नाही. एकदाही नाही. त्यासाठी काय करावं लागतं ते माझं मला माहीत. बैठकीच्या आधी मी सगळी वाक्यं मनात बदलून ठेवते. जेवायला चौघींत बसले तर काय मागवायचं तेही. हे माझं मी कमावलेलं आहे. तू ते एका रागाच्या पत्रात उधळू नकोस.

फोन करू नका. हात जोडते.

ठकू


(पोस्टकार्ड)

२५ फेब्रुवारी

चि. ठकू,

पत्र मिळालं. यंत्राची माहिती दिलीस ते बरं केलंस, मंडळींना सांगून ठेवली.

सोमवारी सकाळपासून.

आत्या


५ मार्च

आत्या,

तुला हे बसवाल्यांकडून आधीच कळलं असेल, पण माझ्याकडून ऐक. 

सोमवारी मी आले तेव्हा मदत विभागातली दोन मुलं पडद्याकडे बघून हसत होती. पडद्यावर ओळीमागून ओळी येत होत्या: रिकामा कॉल, रिकामा कॉल, रिकामा कॉल. यंत्र फोन उचलत होतं, कोणी बोलत नव्हतं, यंत्र ठेवत होतं, तोच नंबर पुन्हा. कोणाला तरी उद्योग नाही असं त्यांचं म्हणणं. मॅनेजर बाई आल्या, पाहिलं, आणि मला म्हणाल्या की हे नंबर ओळखून कायमचे बंद करणारा नियम दुपारपर्यंत लिही. त्या वाईट नाहीत. खऱ्या गिऱ्हाइकांना लाइन मिळत नव्हती, त्यांनी दुसरं काय सांगायचं?

नियम लिहायचा तर आधी कॉल ऐकावे लागतात. मी हेडफोन लावला. पहिल्यात काहीच नव्हतं. आवाज वाढवला तेव्हा कळलं की काहीच नाही असं नाही. माणूस होता. ओठ मिटून उघडल्याचा आवाज होता. मग यंत्र: "आपला आवाज ऐकू आला नाही. धन्यवाद." दुसऱ्यात कोणीतरी ‘क’पर्यंत पोचलं होतं, आणि धन्यवाद.

तिसऱ्यात आधी तुझी कवळ्या पॉलिश करायची मोटर बंद झाल्याचं ऐकू आलं. घरघर उतरत गेली. मग तू नाकाने श्वास घेतलास. बोलायच्या आधी तू तसा घेतेस, मधेच अडवून, उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा. मी लहानपणी तुझ्या कुशीत झोपायचे, तो श्वास मला हजारांत ओळखू येईल. धन्यवाद. पुढचा कॉल पुन्हा तू. पुन्हा तोच श्वास. धन्यवाद. पुन्हा तू. एकदाही तू चिडून फोन आपटला नाहीस. प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात केलीस, जणू या वेळी तरी पलीकडचा थांबेल. किती वेळा लावलास ते मी मोजलं नाही. मोजवेना.

आणि त्या यंत्राला मी कायमचं काय सांगणार होते? की हे रिकामं आहे.

मी उठले नाही, कोणाला विचारलं नाही. जागेवरूनच यंत्र बंद केलं. त्याचेही नियम मीच लिहिलेले, ते माझ्या हातात होतं.

क्षणभर काही झालं नाही. मग मदत विभागातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. हसणाऱ्या मुलांपैकी एकाने उचलला, "बोला" म्हणाला, आणि गप्प बसून राहिला. बराच वेळ. मी लांबून त्याचा चेहरा बघत होते. आधी तो वैतागला, मग फोन ठेवायला हात उचलला, मग काहीतरी ऐकू आलं असावं, कारण हात तसाच राहिला. शेवटी तो खुर्चीत पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "सावकाश, मी आहे."

फोन थांबेनात तेव्हा मॅनेजर बाईंनी आम्हा सगळ्यांनाच बसवलं. मला आलेला पहिला फोन बसवाल्यांचा होता. त्यांनी एकच वाक्य बोलायचं ठरवलं होतं. "बाई, मी रोज चाळीस माणसं ठिकाणावर पोचवतो, माझं एक वाक्य तुम्ही पोचू द्या." एवढं वाक्य. ‘बाई’पाशीच ते बराच वेळ अडले. जिभेवर शब्द तयार होता, त्यांना देऊन टाकावा असं वाटत होतं. नाही दिला. त्यांनी तो स्वतःच काढला.

नंतर मास्तर. त्यांचा आवाज किती छान आहे ग. ते म्हणाले, "मी वर्गात अडखळतो तेव्हा चाळीस मुलं थांबतात. कोणी सांगितलेलं नाही त्यांना. तुमच्या यंत्राला कोणी सांगितलं थांबू नको म्हणून?"

मी म्हटलं, मी सांगितलं.  ते म्हणाले, मग आता तुम्हीच दुसरं सांगा, आणि नमस्कार करून फोन ठेवला.

दुपारी मॅनेजर बाईंनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, यंत्र कोणी बंद केलं. मी केलं, म्हटलं. का, तर हे रिकामे कॉल नव्हते, माणसं होती. त्या म्हणाल्या, ते नंतर बघू, पण न विचारता हात लावलास ही चूक झाली, हे सगळ्यांसमोर मान. मग विषय मिटला.

आत्या, मिटवायला माझ्याकडे वाक्य होतं. बदललेलं, तयार, एकही ‘प’ नसलेलं. "माफ करा, आता असं होणार नाही." जिभेच्या टोकावर होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले,

"पु पु पु पुन्हा वेळ आली तर प प पुन्हा बंद करीन."

काचेच्या खोलीत पाच-सहा माणसं. कोणी हसलं नाही. कोणी खाली बघितलं, कोणी माझ्याकडे. मॅनेजर बाई काहीतरी बोलणार होत्या, माझं पुरं व्हायच्या आधी. मी हात वर केला आणि त्या थांबल्या. माझं वाक्य मी पुरं केलं.

जगबुडी आली नाही. मला वाटलं होतं येईल.

मग बोलणं झालं, दोन दिवस चाललं. मी हटले नाही. तुमच्या एका खोलीला सूट द्यायला त्या पहिल्या दिवशीच तयार होत्या, मीच नाही म्हटलं. शेवटी ठरलं ते असं. अक्षरांचा नियम राहील, पण हवा असेल त्या खोलीने लावून घ्यायचा, नको त्या खोलीत सोबतीने तोंड घालायचं नाही. बागकामवाल्यांनी तो लगेच लावून घेतला, आणि त्यांचा तो हक्कच आहे. सोबतीने कोणाला काढलं तर पाटीवर सोबतीचंच नाव येईल. कायदा विभाग रडतोय, रडू दे. फोनवरचं यंत्र परत आलं, मात्र आता ते गप्प बसलेल्याचा फोन ठेवत नाही, माणसाकडे देतं.

आणि त्या नियमाखाली जे जे बाहेर गेले त्या सगळ्यांना मी सोबतीकडून निरोप पाठवला. पत्ता न बघता, नाव न बघता. "तुम्हाला खोलीने बाहेर काढलं नव्हतं. मी काढलं होतं. तुमचं वाक्य अर्धं राहिलं असेल तर येऊन पुरं करा." खाली ‘सोबती’. मसुदा माझा आहे हे तू ओळखशील.

आता माझं. बॉटच्या कामावरून मला काढलं. मॅनेजर बाई म्हणाल्या, एवढी बोलायची हौस असेल तर मदत विभागात फोनवर बस. ही शिक्षा आहे आणि ती शिक्षा म्हणूनच दिलेली आहे. त्यांना वाटलं मी राजीनामा देईन.

मी परवापासून फोनवर बसते आहे. "नमस्कार, प्रथम आपलं नाव सांगा" असं पहिलं वाक्य छापून दिलंय. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘प्रथम’ गाळलंस तरी चालेल, कोणी तपासत नाही. मी नाही गाळत.

ठकू

ता. क. दोन वेण्या मी कधीच घातल्या नाहीत. एकच होती.


२२ मार्च

चि. ठकू,

तुझं पत्र मी दातांच्या डॉक्टरांकडे कवळी पोचवायला जाताना रस्त्यात फोडलं आणि पोचेपर्यंत दोनदा वाचलं. एका मोटारवाल्याने मला शिव्या दिल्या. त्याचं बरोबर होतं, मी रस्त्याच्या मधोमध उभी होते.

तुझ्या वडिलांना दाखवलं. दादाने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, नोकरीत खाली आली म्हणायची. मी म्हटलं, हो, आणि बोलण्यात वर. त्यानंतर पत्र परत मागितलं तर देईना.

फोनबद्दल तू मला हट्टी म्हणालीस ते खरं आहे. पण मास्तरांना मी ढकललं नाही. सगळ्यांत जास्त वेळा फोन त्यांनीच लावला. संध्याकाळी आवाज बसला होता त्यांचा, आणि इतके खूश होते की बायकोला घेऊन हॉटेलात जेवायला गेले. ऑर्डर त्यांनी दिली.

आता गुरुवारचं सांगते.

खोलीत इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. तुझ्या निरोपाने कोण कोण आलं. एका आजोबांचा हात थरथरतो, बोट उचलेपर्यंत अक्षर चारदा उमटतं. त्यांना बुद्धिबळाच्या खोलीतून काढलं होतं आणि ते समजत होते की हरल्याबद्दल काढलं. एक बाई फक्त जोरात हसली होती. हा हा हा हा लिहिलं आणि बाहेर. अडखळणारी नाहीच ती, पण म्हणाली, बसते थोडा वेळ. बस म्हटलं.

मोकळा तास सुरू झाला. बसवाल्याने सुरुवात केली, मग मास्तर, मग आजोबांनी आपलं नाव लिहिलं, त्यातलं प्रत्येक अक्षर चार-चारदा. सोबती गप्प. आणि तेवढ्यात नावांच्या यादीत उमटलं, गोगलगाय.

मी काही बोलणार इतक्यात तिने लिहायला घेतलं. आम्ही थांबलो.

ठकू, आम्हाला वाटलं होतं ती मिटून बसली असेल. आपण पोरीला कायमचं घाबरवलं या विचाराने मला दीड महिना धड झोप लागली नव्हती. आणि झालं होतं भलतंच. त्या गुरुवारी आम्ही हाकललं असं समजून ती आधी रडली, मग तिला संताप आला. एवढा संताप, की अडखळणाऱ्यांनासुद्धा मी नको असेन तर जाऊ दे सगळं खड्ड्यात, आता कोणाला घाबरायचं, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना वॉर्डात उभी राहिली आणि स्वतःचा कागद स्वतः वाचायला लागली. पहिल्या पेशंटच्या नावावरच अडली. मोठ्या सिस्टरने हात पुढे केला, आण इकडे, मी वाचते. हिने कागद दिला नाही. सिस्टरने दुसऱ्यांदा मागितला. हिने कागद छातीशी धरला आणि पाठ असलेलं बोलायला लागली. सगळे पेशंट, सगळी औषधं, शेवटच्या खाटेपर्यंत. सगळ्यांना घरी जायला उशीर झाला. तेव्हापासून रोज तीच वाचते.

तुझा निरोप तिला नंतर मिळाला. म्हणाली, वाचला, समजला, मान्य आहे, तुम्ही काढलं नव्हतं. पण दीड महिना मी तुमच्यावर रागावलेले आहे आणि तो राग तसाच शिल्लक आहे, त्याचं काय करू?

उत्तराला ती थांबलीच नाही. तिने सरळ आम्हाला शिव्या घालायला सुरुवात केली.

आणि कशा! गोगलगाय नि पोटात पाय. एकेक अक्षर अडत, ठेचकाळत, कुठेही सोपा शब्द न घेता, जी शिवी मनात होती तीच, शेवटच्या काना-मात्रेपर्यंत. बसवाल्याच्या वाटची बसवाल्याला, मास्तरांच्या वाटची मास्तरांना. हसणाऱ्या त्या बाईलासुद्धा, तिचा काही संबंध नसताना. माझ्यासाठी तिने सगळ्यांत लांब शब्द शोधला होता. त्याच्या पहिल्याच अक्षरावर ती इतकी अडली की खोलीतल्या प्रत्येकाला तो शब्द कळून चुकला, मलाही.

कोणी पुरा केला नाही. तो तिनेच केला.

तुझी आत्या